भाईमामांनी निवडलेला गिअरबॉक्स

रविवार, सकाळ. बागेतल्या आंब्याच्या शेवटच्या पेट्या रवाना झाल्या, त्याच्या नंतरचा रविवार. स्थळ: भाईमामांच्या घराची पडवी. हजर: भाईमामा, मामी, शेजारचे शांताराम गुरव, मुंबईहून फोनवर मामांचा मुलगा संदीप, आणि नोंदी घ्यायला मी, म्हणजे मामांची भाची शुभदा, राहणार मांडवी. विषय: मामांच्या डिझेल पिकअपला नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोणता घालावा.

एवढं लिहून मी मान वर केली तर मामा म्हणाले, "एक नाव राहिलं."

"कुणाचं?"

"त्या अंगणात उभ्या आहेत, त्यांचं. त्यांच्याच पोटातलं काढायचं आणि त्यांनाच हजेरीत धरायचं नाही?"

मी लिहिलं: हजर, पिकअप, अंगणात. मामांशी वाद घालण्यापेक्षा एक ओळ वाढवणं सोपं पडतं, हे मी लहानपणीच शिकले होते.

मामा माणसांना अरे-तुरे करायचे आणि यंत्रांना अहो-जाहो. डॉक्टर असो, तलाठी असो, बँकेत नव्याने बदलून आलेला साहेब असो, "काय रे, जेवलास का?" ही मामांची सुरुवात. पण विहिरीवरचा पंप सुरू होईना की तेच मामा वाकून, हात जोडल्यासारखे उभे राहायचे. "अहो, उठा आता. कलमं सुकायला लागली." पंप बहुतेक वेळा उठायचा. मामी म्हणायची, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला अजून 'अगो'. त्या पंपाला मात्र 'अहो'. पुढल्या जन्मी मी पंपच होणार आहे."

ऑटोमॅटिक गाडी मामांकडे हौसेने आलेली नव्हती. घळाने, म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या काठीने, आंबा कसा अलगद उतरवायचा, हे नव्या गड्यांना दाखवायला मामा झाडावर चढले आणि आंब्याच्या आधी स्वतःच उतरले. त्यात डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, तेलं झाली. गुडघा वाकायचा तो वाकेचना. जुन्या जीपचा क्लच दाबणं बंद झालं. मग ड्रायव्हर ठेवले. पहिला गाडीत गाणी मोठ्याने लावायचा, म्हणून गेला. दुसरा जोरात हाकायचा, म्हणून गेला. तिसरा सगळ्यात गुणी होता, त्यालाही मामांनी घालवलं. मी कारण विचारलं. "बोलतच नाही गो मेला. मी काय माल आहे, गप्प बसून जायला?"

शेवटी गोव्यातल्या एका हॉटेलवाल्याकडची जुनी ऑटोमॅटिक पिकअप सापडली. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाचं काम. गाडी घरी आली त्या दिवशी मामांनी जाहीर केलं, "डावा पाय देवाने माणसाला फक्त चप्पल अडकवायला दिलेला आहे." पुढे कितीतरी दिवस ते भेटेल त्याला हे सांगत होते. दोन्ही पाय धड असलेल्यांनाही पटवत होते.

आता अडचण कुठे आली ते सांगते. मामांचं घर खाली खाडीच्या बाजूला, आणि बाग वर सड्यावर, कातळाच्या पठारावर. मधे घाटी. लांबीला काही नाही, पण चढ असा की भरलेल्या गाडीला आभाळ आधी दिसतं आणि रस्ता नंतर. हंगामात खत, औषधाची पिंपं, रिकाम्या पेट्या वर जायच्या. सड्यावर शेजाऱ्यांचंही पॅकिंग मामांच्याच मांगरात, बागेतल्या खोपीत, व्हायचं, त्यामुळे खालच्या बागांतला भरलेला माल आधी वर आणि मग मुख्य रस्त्याला, असा उलटा प्रवास असायचा. त्या हंगामात ऐन भरात गाडी घाटीच्या मधल्या वळणावर आली, इंजिन ओरडायला लागलं, आणि चाकं काही ऐकेनात. करपल्या तेलाचा वास सुटला. मग पिकअप हळूहळू, अगदी अदबीने, मागे मागे आली आणि शांताराम गुरवांच्या पेंढ्याच्या उडवीत जाऊन टेकली.

शांताराम धावत बाहेर आले. मामांनी खिडकीतून डोकं काढलं. "घरी आहेस होय रे, शांताराम? म्हटलं, जाता जाता डोकावून जावं."

"भाई, पाठमोरे डोकावलात."

ही बातमी मामांच्या आधी मुंबईला पोचली. संध्याकाळी संदीपचा फोन. "बाबा, ही शेवटची वेळ. पुन्हा घाटीत अडकलात तर गाडी विकायची आणि ड्रायव्हरवाली गाडी सांगायची. मी तिकडे नसतो, माझा जीव इथे टांगणीला."

मामांनी उलट उत्तर दिलं नाही. हे मला भलतंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर ते पडवीत बसून आपल्याच गुडघ्याकडे बघत होते. म्हणाले, "शुभे, चालत मी घाटी चढू शकत नाही. दुसऱ्याच्या बाजूला बसून गेलो तर तो नेईल तेव्हा जायचं आणि आणील तेव्हा यायचं. गाडी गेली की बाग मला फोटोत बघावी लागणार." एवढं बोलून त्यांनी लगेच विषय बदलला आणि माझ्या नवऱ्याच्या पोटावर आले. पण मला काय ऐकायचं ते ऐकू आलं होतं. मी घरी जाऊन कागद घेतला आणि कामाला लागले. त्यातून ती रविवारची बैठक.

दोष काय, ते आधी समजून घेतलं. ऑटोमॅटिकला क्लच नसतो असं आपण म्हणतो. तो असतो, पण आत असतो, तेलात बुडालेल्या चकत्यांचा. भरल्या गाडीला घाटी चढवताना त्या चकत्या घसरून घसरून झिजल्या होत्या आणि तेल उकळून काळं पडलं होतं. नुसत्या चकत्या बदलल्या तर पुढच्या हंगामात पुन्हा शांतारामांची उडवी. तेव्हा मूळच्यापेक्षा दणकट गिअरबॉक्स हवा. कागदावर तीन पर्याय निघाले.

एक, कोल्हापूरचा बाबासो मिस्त्री. तो मूळचाच गिअरबॉक्स उघडून आत जादा आणि जाड चकत्या, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला जास्त ताकदीचा टॉर्क कन्व्हर्टर आणि पुढे तेल थंड करायला वेगळी मोठी जाळी बसवून देणार. दोन, मुंबईच्या जुन्या मालाच्या बाजारातला, एका मोठ्या गाडीतून काढलेला आठ गिअरचा. हे संदीपने शोधलेलं. तीन, परदेशातला कोरा करकरीत, बोटी ओढणाऱ्या गाड्यांसाठी बनवलेला. तो जहाजाने येणार, कधी ते जहाजाला माहीत.

मामांनी तिघांकडेही स्थळं आल्यासारखं बघायला सुरुवात केली. परदेशी गिअरबॉक्सचा फोटो त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "काय रूप आहे! बघ, बघ. अंगावर एक डाग नाही."

"स्थळ सातासमुद्रापलीकडचं," मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. "दुखलं-खुपलं तर माहेर कुठे शोधायचं?"

मुद्दा बरोबर होता. मी लिहिलं: सुटे भाग मिळणार नाहीत.

फोनवरून संदीप आपल्या स्थळाची बाजू मांडत होता. "आठ गिअर आहेत, बाबा. हायवेला डिझेल कमी लागेल."

"आठ घेऊन करू काय? आमच्या रस्त्याला तिसराच लागत नाही."

मी विचारलं, त्या गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वेगळा, आपल्या इंजिनाचा वेगळा, ते एकमेकांशी बोलतील का? संदीप म्हणाला, तेवढी थोडी अडचण आहे.

"त्यात काय," मामा म्हणाले. "नवराबायको बोलत नाहीत ती घरं चालतातच की."

"चालत नाहीत," मामी म्हणाली. "ढकलावी लागतात."

माझ्या कागदाप्रमाणे निर्णय तिथेच झाला होता, कोल्हापूर. पण मामांना एकट्या कागदावर काही ठरवलेलं आवडत नसे. कलम कुठे लावायचं इथपासून मुलाला कुठल्या कॉलेजात घालायचं इथपर्यंत सगळं देवळात कौल लावून व्हायचं. तेव्हा उठून सगळे देवळात. कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. शांताराम गुरवांनी पाकळ्या भिजवल्या आणि तिथेच पेच त्यांच्या लक्षात आला.

"भाई, तुमची स्थळं तीन. देव सांगणार उजवा नाहीतर डावा. तिसरी बाजू देवाला नाही."

मामांनी क्षणभर विचार केला. "मग सेमीफायनल घे."

उजवीकडे कोल्हापूर, डावीकडे मुंबई. शांतारामांनी गाऱ्हाणं घातलं. टॉर्क कन्व्हर्टर हा शब्द त्यांनी देवापुढे दोनदा अडखळून उच्चारला आणि तिसऱ्यांदा "ते मधलं जे काय असेल ते" असं म्हणून सोडवून घेतलं. आम्ही "होय महाराजा" म्हणालो. पाकळ्या जागच्या हलेनात. हवेत इतकी चिकट ओल होती की माझी साडी मला सोडत नव्हती, पाकळ्या देवाला कशा सोडणार? मामा देवाला म्हणाले, "घाई नाही रे बाबा. पण मिस्त्री फोनची वाट बघतोय." आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं.

शांताराम म्हणाले, "देव म्हणतो, तुमचं तुम्ही बघा."

ते नव्या पाकळ्या लावत होते, तेवढ्यात मामी पुढे झाली. "आता मी विचारते. ह्यांनी ह्यापुढे गाडी चालवावी, की चालवू नये?"

मी मामांकडे पाहिलं. एवढा वेळ देवाशी गप्पा मारणाऱ्या त्या माणसाने पहिल्यांदाच दोन्ही हात जोडले होते आणि डोळे घट्ट मिटले होते. गुडघा वाकत नव्हता, म्हणून एका खांबाला टेकून उभे होते. मला वाटलं, डावी पडली तर हा माणूस इथून घरी कसा जाईल?

उजवी पडली. लावल्याबरोबर, टपकन.

मामीने शांतारामांकडे रोखून पाहिलं. "त्या बाजूला पाणी कमी लावलंस तू."

"वहिनी, देवासमोर उभा आहे मी!"

"म्हणूनच विचारते."

पायऱ्या उतरून खाली चपला घालताना मामीने एकदाच सांगितलं, "चालवणारच असतील तर गिअरबॉक्स चांगला घाला. आणि आधी घाटीवर चढवून दाखवा, मगच. फोटोवर मी पसंती देणार नाही." त्या वाक्याने परदेशी स्थळ बाद झालं. मुंबईवाल्यांनी आपल्या गिअरबॉक्सचा व्हिडिओ पाठवला, तो सपाट रस्त्यावरचा. मामा म्हणाले, "सपाटीवर काय, मी पण धावतो." तेही बाद.

राहिला बाबासो. त्याच्या स्वतःच्या पिकअपमध्ये त्याने असाच बांधलेला गिअरबॉक्स घातला होता. ताज्या सुरमईचं नाव काढल्याबरोबर तो तीच पिकअप घेऊन आंबा घाट उतरून आला. गोरा, गुबगुबीत, गळ्यात चेन. आल्या आल्या म्हणाला, "मामा, टेन्शन घ्यायचं न्हाई. कितीबी लोड टाका."

हे वाक्य मामांना सांगायचं नसतं, हे त्याला कोण सांगणार? मी बाजारात सुरमई आणायला गेले होते. इकडे मामांनी बाबासोची गाडी भरायला घेतली. आमच्याकडे भार मोजायचा तो पेट्यांत. किलो वगैरे मुंबईचा व्यापारी मोजतो. पण आंबा संपलेला. तेव्हा कुंपणाचा गडगा बांधून उरलेले जांभ्याचे चिरे मामांनी पेट्यांत भरायला लावले. एका पेटीत एक आख्खा चिरा, आणि पेटी हलू नये म्हणून कडेला दगडाची खडपं. वर नीट गवत, पट्टी, सुतळी. पेट्या मात्र हंगामात असतात तेवढ्याच, एकही जास्त नाही. पेटी म्हणजे पेटी.

मी परत आले तेव्हा मामा स्टिअरिंगवर बसले होते, बाबासो बाजूला. गाडीचा मागचा भाग खाली टेकल्यासारखा दिसत होता. बाबासोने विचारलं, "लोड किती घेतलाय, मामा?"

"नेहमीचा."

मी आणि मामी मधल्या वळणावर जाऊन उभ्या राहिलो. शांताराम आधीच तिथे होते, उडवीच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून. गाडी चढायला लागली. इंजिन घुमत होतं, पण ओरडत नव्हतं. चाकं आणि इंजिन एका मताची वाटत होती. वळणाशी चढ सगळ्यात उभा. तिथे गाडी नेटाने पोचली, आणि मामांनी पाय काढून ब्रेकवर ठेवला. गाडी उभी.

"काय रे शांताराम, चहा झाला?"

आतून बाबासोची किंकाळी ऐकू आली. "मामा, चढाव हाय! पाय द्या! पाय द्या!"

"थांब रे. माणूस समोर दिसतोय, विचारायला नको?"

शांताराम हात पसरूनच म्हणाले, "झाला, भाई, झाला! जा तुम्ही!"

मामांनी पाय दिला. ती गाडी, चिऱ्यांनी भरलेली, उभ्या चढावर, जागच्या जागेवरून तसूभरही मागे न येता उचलली आणि वळण घेऊन वर गेली. आम्ही मागोमाग धापा टाकत सड्यावर पोचलो, तर बाबासो गाडीखाली डोकावून गिअरबॉक्सचं तेल किती तापलं ते बघत होता आणि स्वतःशीच हसत होता. मग त्याने सहज एक पेटी सरकवायला हात घातला. सरकेना. सुतळी सोडली. गवत बाजूला केलं.

"आवो मामा, ह्ये दगडं हायत की!"

"मग? आंबे संपले ना."

बाबासो तिथेच मांडी घालून बसला. थोड्या वेळाने म्हणाला, दुप्पट वजन झालं असेल, आणि हे त्याला आधी माहीत असतं तर त्याने चढवू दिलं नसतं. मामा मामीला म्हणाले, "बघितलंस?" मामी म्हणाली, "बघितलं. घाला हाच. आणि ते चिरे जिथले होते तिथे ठेवून या." मी कागदावर कोल्हापूरपुढे बरोबरची खूण केली. संदीपला फोन लावला. तो म्हणाला, "ठीक आहे. पण शुभाताई, त्यांना म्हणावं, वळणावर थांबू नका." मी निरोप दिला. मामांनी ऐकून घेतला.

गाडी कोल्हापूरला जाऊन नव्या गिअरबॉक्सनिशी परत आली. किल्ली देताना बाबासोने एक गोष्ट सांगितली. ह्याच्या कॉम्प्युटरची जुनी शिकवण त्याने पुसून टाकली आहे. आता पुढचे काही दिवस जो चालवेल, त्याच्या पायाची सवय हा धरणार. कधी वरच्या गिअरला जायचं, कधी खालच्या गिअरला यायचं, कुठे रेंगाळायचं, ते त्याच्याकडून शिकणार. म्हणून मामांनीच चालवावी, दुसऱ्या कुणी हात लावू नये.

मामांना एवढा आनंद गिअरबॉक्स मिळाल्याचाही झाला नव्हता. रोज न चुकता शिकवणी सुरू झाली. घाटीच्या वाटेवर जितकी घरं, तितक्या ठिकाणी पाय काढायचा, खिडकीतून एक प्रश्न टाकायचा, उत्तर आलं की हळूच पाय द्यायचा. गिअरबॉक्सने ते सगळं मनावर घेतलं. गणपतीत संदीप आला आणि स्टिअरिंगवर बसला. खाडीवरून घरी येईपर्यंत त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "बाबा, हिला घाईच नाही! पाय जरा सैल केला की ही खाली येते आणि बसून राहते."

"शिस्त लागली आहे," मामा म्हणाले.

पुढचा हंगाम त्यांनी एकट्याने काढला. खत वर, पिंपं वर, पेट्या वर. शांतारामांनी उडवी पूर्वीच्या जागी रचली. त्या वर्षी मोहोर उशिरा आला, आंबा कमी, पण मामा रोज सड्यावर. शेवटची खेप घेऊन आले ते उन्हातून येऊन पाणी पिऊन पडवीत आडवे झाले, आणि पुढल्याच आठवड्यात गेले. दवाखान्यात दोन दिवस, तेही डॉक्टरला "जेवलास का रे" विचारण्यात. संदीप रडत म्हणाला, "शेवटपर्यंत चालवली." मामी म्हणाली, "चालवणारच होते. देवानेही त्यांचीच बाजू घेतलेली."

बाग आता मी बघते. संदीप मुंबईत, मामीचा हट्ट की बाहेरचा ड्रायव्हर नको, आणि मला गाडी येते. म्हणून मांडवीहून सकाळी निघायचं, खाडीवर पिकअप घ्यायची, सड्यावर जायचं, काम आटपून दुपारच्या आत परत, असं वेळापत्रक मी आखलं. चांगलं होतं. एकदाही पाळता आलेलं नाही.

कारण घाटीच्या पहिल्या घराशी मी पाय जरा सैल करते, आणि गाडी दुसऱ्या गिअरवर येऊन रेंगाळायला लागते. आतला माणूस बाहेर येतो. आलेल्या माणसाला काहीतरी विचारावं लागतं. तो सांगतो. सांगायला लागला की थांबावं लागतं. पुढच्या घराशी तेच. आजवर कुणाकुणाची सून नांदायला आली, कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाचा मुलगा नोकरी सोडून आला, यातलं मला काही माहीत नसायचं. आता सगळं माहीत आहे. मधल्या वळणावर शांताराम कप घेऊनच उभे असतात. मामी बाजूला बसलेली असली तर खिडकीची काच आधीच खाली करून ठेवते. परवा मी म्हटलं, "मामी, आज घाई आहे." ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

बाबासोला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, किरकोळ काम हाय. लॅपटॉप लावायचा, जुनं शिकलेलं पुसायचं, मग तुमच्या पायानं शिकंल." मी कामांच्या यादीत लिहिलं: गिअरबॉक्सची शिकवण पुसून घेणे. फवारणीच्या आधी करायचं होतं. मग म्हटलं, फवारणी होऊ दे. मग काजू आले. काल त्याचा पुन्हा फोन, रत्नागिरीला येतोय, सुरमई मिळंल का, लॅपटॉप घेऊन येऊ का?

सुरमई मिळेल म्हणून सांगितलं. लॅपटॉपचं उद्या कळवते म्हटलं. उद्या सकाळी औषधाची पिंपं वर न्यायची आहेत, ती आधी.